पाटील नसलेलं गाव

हैबती भोळा होता. ज्या गावात तो राहायचा तिथला पाटील मात्र अजिबात भोळा नव्हता. म्हैस विकायची तर पाटलाला विचारा, दाराचं तोंड फिरवायचं तर पाटलाला विचारा. गोजरकाकीनं लेकीचं लग्न न विचारता ठरवलं, तर पाटलानं ते मोडायला लावलं. काकी त्या दिवशी फार रडली. तिचं रडणं कुणालाच बघवेना.

रंगनाथ मास्तर म्हणाले, "डोंगराखालच्या माळावर जाऊन राहू. तिथं ज्याचा तो धनी. कुणी कुणाला हुकूम करायचा नाही. एकानं दिलेला शब्द सगळ्यांनी पाळायचा, एवढाच कायदा."

गाड्या जुंपल्या. सगळे निघाले. हैबतीही निघाला, कारण सगळे निघाले होते.

माळावर पहिलं घर उभं राहत होतं. मास्तर आणि नानू एक जड लाकूड खांद्यावर पेलत धडपडत होते. हुकूम तर करायचा नाही. म्हणून मास्तर अदबीनं म्हणाले, "हैबती, तुझी मर्जी असली तर जरा हात लाव."

हैबती खाली बसला. त्यानं डोळे मिटले.

"काय करतोयस?"

"मर्जी हाय का न्हाई ते बघतोय."

ती सापडायच्या आत लाकूड मास्तरांच्या पायावर आलं. मास्तर एका पायावर नाचत ओरडले, "अरे शहाण्या, माणसं घामाघूम होऊन ओढाताण करताना दिसली की धावत जाऊन जोर लावायचा!"

"बरं," हैबती म्हणाला.

मग माळावर पहिला बांध घातला गेला आणि बांधावरून पहिलं भांडणही झालं. नानूनं बांधापलीकडच्या दगडूची मानगूट धरली. दोघं घामाघूम, नुसती ओढाताण. हैबती धावत गेला आणि त्यानं नानूच्या बाजूनं जोर लावला. त्यानंतर कितीतरी दिवस दगडू फक्त डावीकडेच बघू शकत होता.

मास्तर लंगडत आले. "भांडणात पडू नये रे बाबा! लांब उभं राहावं आणि म्हणावं, तुमचं तुम्ही बघा."

"बरं," हैबती म्हणाला.

पुढं एकदा गोजरकाकीची शेळी मास्तरांच्या वांग्यात शिरली. हैबती लांब उभा राहिला. शेळीला म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा." मग वांग्यांनाही तेच म्हणाला. उगाच एकाची बाजू घेतल्यासारखं नको. शेळीनं आपलं बघितलं. वांग्यांना ते काही जमलं नाही.

मास्तर उघड्या वाफ्याकडे बघत म्हणाले, "फुकट चरताना कुणी दिसलं की काठी घ्यावी आणि पार ओढ्यापलीकडे हाकलून यावं. कळलं?"

"कळलं," हैबती म्हणाला.

कळलं म्हणाला, तिथंच सगळ्यांनी सावध व्हायला हवं होतं.

काकीच्या लेकीचं मोडलेलं लग्न पुन्हा जुळत आलं होतं. नवऱ्या मुलाकडची माणसं आली. काकीनं हौसेनं हुरडा भाजला. हैबतीनं बघितलं, बरीच माणसं बसली आहेत, चरताहेत आणि कुणी पैसे देत नाही. त्यानं काठी घेतली. नवरदेव ओढ्यापलीकडे पोचला तेव्हा त्याच्या तोंडात अजून हुरडा होता आणि पायात एकच वहाण होती.

काकीनं ऊर बडवला. "मुडद्या, दारी आलेल्याला हाकलत्यात व्हय? हसून बसवावं! मागंल ते द्यावं!"

"बरं," हैबती म्हणाला.

सगळा माळ पाहुण्यांच्या विनवण्या करायला ओढ्याकडे पळाला. हैबती एकटा मागं राहिला. नेमका तेव्हाच पाटील आला. जुन्या गावात तो एकटाच उरला होता. हुकूम सोडून सोडून त्याचा घसा बसला होता, पण ऐकायला कुत्रंसुद्धा नव्हतं.

हैबती हसला. त्यानं पाटलाला बाजेवर बसवलं.

"पाणी दे." दिलं.

"भाकरी दे." दिली.

पाटलानं इकडं-तिकडं बघितलं. "इथला पाटील कोण?"

"कुणीबी न्हाई."

"मग पाटीलकी मला दे."

"घ्या की. दिली," हैबती म्हणाला. रिकाम्या हातानं कसं द्यायचं, म्हणून त्यानं वर नारळही दिला.

पाहुण्यांची समजूत पटली, लग्न ठरलं. मंडळी हसत-बोलत परतली, तर बाजेवरून आवाज आला, "कुणाला विचारून ठरवलं?"

मास्तरांनी कपाळावर हात मारला. हैबतीनं शब्द देऊन टाकला होता, आणि शब्द पाळायचा कायदा त्यांचाच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाटील जेवून बाजेवर घोरायला लागला. मास्तरांनी सगळ्यांना बाभळीखाली बोलावलं आणि हळूच सांगितलं, "आपण शब्दाला बांधलेलो ते या गावात. गावच सोडलं की सुटलो. डोंगरापलीकडे आणखी एक माळ आहे. काकी, लेकीचा मांडव तिथं घालू." मग ते हैबतीकडे वळले. "तू आता डोकं चालवू नकोस. माळावर जे जे असेल ते शेवटच्या गाडीत घाल. काही मागं राहिलं तर याद राख! आणि आवाज करू नकोस."

हा चक्क हुकूमच होता, पण घाईत कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दिवस मावळताना गाड्या नव्या माळावर पोचल्या. गोजरकाकीनं वाकून मातीला हात लावला. "सुटलो गं बाई," ती लेकीला म्हणाली, आणि यावेळी आनंदानं रडली. नवरदेवाकडची माणसंही तिथंच येणार होती.

शेवटची गाडी करकरत आली. बैलांच्या तोंडाला फेस आला होता. हैबती घामानं निथळत खाली उतरला.

"मास्तर, काडीसुदिक मागं ठेवली न्हाई. आन् आवाजबी केला न्हाई."

"शाब्बास!" मास्तर म्हणाले. हैबतीला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी शाब्बास म्हटलं. तो लाजला आणि त्यानं गाडीवरची गोधडी ओढली.

खाली जाती होती, हंडे होते, शेळी होती. आणि मधोमध, बाजेसकट, पाटील होता.

पाटलानं जांभई दिली. उठून बसला. मोकळ्या माळाकडे बघितलं, सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं,

"गाड्या इथं कुणाला विचारून सोडल्या?"