सायोचा न सुटलेला रंग

अहो, तो पंचा असा उलटसुलट करून बघू नका, त्याला काही झालेलं नाही. कडेला तिळाएवढा पांढरा ठिपका दिसला, होय ना? इथल्या प्रत्येक पंच्यावर तो असतो, आणि प्रत्येकावर वेगळ्या जागी असतो. मागे शहरातल्या एक बाई माल परत करायला आल्या, म्हणे डाग आहे. म्हटलं, बाई, डाग नसता तर मीच तुम्हाला दिला नसता! हातानं रंगवलेले सुती पंचे जपानात कुठंही मिळतील. पण कुरेनो नदीकाठच्या आमच्या रंगारी आळीतून ठिपक्यावाचून पंचा बाहेर पडत नाही. बसा, चहा होईतो ऐका.

फार जुनी गोष्ट, सामुराई लढत होते त्या काळातली. इथं सायो नावाची एक रंगारीण राहायची, असं सांगतात. नवरा लवकर गेला, पदरात एकुलता एक लेक, शिनकिची. सायोच्या हाताला असं यश होतं म्हणे, की कापड विरेल पण तिनं चढवलेली नीळ विटायची नाही. आणि तिला त्याचा तोरा होता, खोटं कशाला बोला! दुसरीच्या कामातली चूक ती रस्त्यावरून जाता जाता दाखवायची.

एके वर्षी गडावरून हुकूम आला. शेजारचा सरदार चालून येत होता आणि सगळ्या फौजेसाठी शिरस्त्राणाखाली बांधायचे पंचे हवे होते. लोखंड डोक्याला काचू नये, घाम डोळ्यांत उतरू नये म्हणून ते बांधत. निळ्या जमिनीवर गडाच्या मालकाची खूण, दोन पांढरी पिसं, आणि सगळे एकसारखे. त्याच फौजेत भाला घेऊन शिनकिचीलाही जायचं होतं.

सायोनं नक्षीचा साचा ठेवून तांदळाची खळ लावली. खळ बसते तिथं रंग चढत नाही, तेवढं पांढरं राहतं. पंचे निळीच्या रांजणात बुडवले, नदीत धुतले, वाळत घातले. आणि बघते तर काय, लेकासाठी बाजूला काढलेल्या पंच्याच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका! खळीचा थेंब सांडला होता.

शिनकिची हसला. "राहू दे की, आई. एवढ्या गर्दीत माझा तेवढा ओळखू येईल."

"माझ्या लेकाच्या डोक्यावर माझीच चूक? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

तिनं काडीच्या टोकावर नीळ घेतली आणि ठिपका बुजवला. वाळवला, पुन्हा भरला, पुन्हा वाळवला. शेवटी तिची तिलाच जागा सापडेना, तेव्हा कुठं तिचं समाधान झालं. निघताना लेकाच्या डोक्याला तो पंचा तिनंच बांधला.

लढाई नदीच्या वरच्या अंगाला, पुलावर झाली. पूल जळाला आणि माणसं पाण्यात पडली. बऱ्याच दिवसांनी नदीनं त्यांतली काही इथं, या वाळूवर आणून टाकली. तोंडं ओळखण्यासारखी राहिली नव्हती. चिलखतं गडाच्या एकाच कोठारातली. डोक्याचे पंचे मात्र तसेच होते, रंग अगदी नवा. गावोगावच्या आया धावत आल्या आणि सायोचे हात धरून म्हणाल्या, "बाई गं, तूच केलेस ना हे? मग तूच सांग, कुठला कुणाचा." ती काय सांगणार कपाळ! एकही पंचा वेगळा दिसत नाही म्हणून तर गडावरून तिला शाबासकी मिळाली होती.

मग तिनं एकेक गाठ सोडली आणि पंचे धुवायला घेतले. तिला वाटलं, रांजणातला रंग पक्का, पण काडीनं भरलेला कधीतरी सुटेल. ठिपका उघडेल आणि माझा लेक मला सापडेल. दगडावर आपटलं, राखेनं घासलं, बोटांची सालं निघाली. "सुट रे बाबा, सुट," असं ती रंगाला विनवत होती म्हणे. पण सायोच्या हातचा रंग कधी गेला नव्हता. तो तेव्हाही गेला नाही.

सगळ्यांना एकाच खड्ड्यात मूठमाती दिली. तो बघा, देवळामागचा उंचवटा. शिनकिची त्यात होता, की पाणी त्याला समुद्राकडे घेऊन गेलं, तेही तिला मरेपर्यंत कळलं नाही. कोणी सांगतात, त्यानंतर साचा ठेवायच्या आधी ती खळीचा एक थेंब मुद्दाम टाकायची. कोणी सांगतात, तिनं रांजणाला परत हातच लावला नाही, ठिपका टाकायला शेजारणींनी सुरुवात केली. मला ही दुसरी गोष्टच खरी वाटते. कुठून उरणार हो तिच्यात बळ?

तेव्हा पंचा घ्याल तर ठिपका कुठं आहे ते घरच्यांना दाखवून ठेवा. आमच्यात तशी रीत आहे.

सायोनं तेव्हा धुतलेल्या पंच्यांतले थोडे देवळात जपून ठेवलेत. आजही वर्षातून एकदा आळीतल्या बायका ते नदीवर नेतात आणि त्याच दगडावर धुतात. आता ठिपका दिसला तरी काय उपयोग, असं पाहुणे विचारतात. काही नाही, बाबांनो. तरी नेतो. कापडाची पार चाळणी झालीय, पिळायला गेलं तर हातात तुकडे येतात. रंग मात्र अजून सुटलेला नाही.