धाकूला सापडलेला काठ

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा नद्या आजच्यापेक्षा रुंद होत्या, माणसं मात्र आजच्यासारखीच होती.

डोंगराकडच्या एका नदीवर धाकू नावाचा होडीवाला राहत असे. एका वर्षी नदी आटली ती आटलीच. तेव्हा धाकूनं आपली होडी बैलगाडीवर चढवली, बायकोला, आवडीला, शेजारी बसवलं आणि समुद्राकाठचं एक गाव गाठलं. होडी फणसाच्या एकाच खोडातून कोरलेली, एका माणसापुरती, मासोळीसारखी अरुंद. दोघांचं शेत म्हणा, घर म्हणा, सारं काही ती होडीच.

गावासमोर समुद्रात एक छोटं बेट होतं. बेटाची वाट दोन खडकांमधून जाई. ती इतकी चिंचोळी, की गावातल्या मोठ्या होड्या आत शिरत नसत. बेटावरची माणसं तेलामिठासाठी खोळंबून राहत. धाकूची होडी तिथे सहज शिरली असती आणि दोघांचं पोट भरलं असतं. अडचण एकच होती. गावाचा किनारा बहुतेक खडकाळ. होडी पाण्यात लोटायची कुठून?

दुपारी त्याला जाळं सांधणारा एक म्हातारा दिसला.

"आबा, होडी सोडायला चांगली जागा कुठली?"

म्हाताऱ्याच्या दातांत सुतळी होती. "ती काय, उंडीच्या झाडाखालची वाळू. पण पाव्हणं, जरा..."

पण पाव्हणे उठलेसुद्धा. परक्या माणसाला इतक्या चटकन जागा सांगतो, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, असं धाकूला वाटलं.

संध्याकाळी एक बाई दारात बसून कालवांचे शिंपले फोडत होती. त्यानं तिला विचारलं, "मावशी, होडी सोडायला उंडीखालची वाळू कशी आहे?"

बाई खो खो हसली. "आत्ता? अरे लेकरा, होडी सोडायचीय की झाडावर चढवायचीय? खडकांमधल्या घळीतून जा सरळ!"

धाकूचं तोंड उतरलं. गावात मिळालेल्या खोपटात परत येऊन तो आवडीला म्हणाला, "एक म्हणतो वाळू, दुसरी म्हणते घळ. दोघांतलं एक नक्की खोटं बोलतंय."

"मग दोघांना एकत्र बसवून विचारा की."

"म्हणजे दोघं मिळून तिसरं खोटं रचतील!"

आवडीनं पुढ्यात ताट ठेवलं. ताटात तळलेला मासा होता.

"हा कुठून आला?"

"शेजारच्या वैनींनी दिला."

"फुकट? का?"

"शेजारी आहेत म्हणून," आवडी म्हणाली. "खाताय, की त्या माशालाही काही विचारायचंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकू एका खडकाआड दबा धरून बसला. बघतो तर काय, तोच म्हातारा आपली होडी घळीतून पाण्यात सोडत होता! मला वाळू सांगतो आणि आपण घळीतून जातो. बेटाचा धंदा परक्याला मिळू नये, म्हणून गावानं हा डाव मांडलाय. धाकूची खात्रीच पटली. मग त्याला विहिरीवरच्या बायकांचं कुजबुजणंही आपल्याबद्दलच वाटू लागलं.

तो एकटाच किनाऱ्यानं चालत सुटला. एका कड्याच्या पलीकडे त्याला किनाऱ्यात आत शिरलेली एक गोल खाच दिसली. पाणी कसं निवांत, सपाट कातळाला अगदी लागून, त्याच्या नदीवरच्या घाटासारखं. आणि कुणाच्या पावलाचा मागमूस नाही.

"असं होय! ही जागा लपवून ठेवली होती तर!"

कातळाच्या मागे, उंच कपारीत एक कुर्ली, खेकडीच ती, बसली होती. ती म्हणाली, "दादा, इथून नको."

"का नको?"

"मी पाणी सोडून इतक्या उंचावर घर का केलं, तेवढं आधी विचार."

"तुला कुणी पाठवलं, ते तू आधी सांग."

कुर्ली आडवी चालत बिळात निघून गेली.

धाकूनं होडी आणली, तेलाचा बुधला आणि मिठाची पोती चढवली. आवडी म्हणाली, "अहो, विचारून तरी जा कुणाला."

"विचारून विचारूनच फसलो," असं म्हणत त्यानं वल्हं मारलं.

होडी बाणासारखी गेली, बेटाच्या वाटेत अलगद शिरली. बेटावरच्या बायकांनी बुधला हातोहात उचलून घेतला. "आता तूच येत जा हो भावा," त्या म्हणाल्या. धाकूची छाती फुगली.

दुपारी तो परत फिरला, आणि किनारा जवळ येताच त्याचे हात थबकले. सकाळचं ते पाणी गेलं कुठं? सपाट कातळ आता घराच्या भिंतीएवढा उंच झाला होता. त्याच्या पायथ्याशी खडकच खडक उघडे पडले होते आणि त्यांवर कालवांच्या सुरीसारख्या धारा. नदी पावसाळ्यात चढते आणि उन्हाळ्यात उतरते, एवढंच त्याला ठाऊक. रोज चढणारं आणि रोज उतरणारं पाणी त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात लांबून हाक आली. उंडीच्या झाडाखाली वाळूची रुंद पट्टी उघडी पडली होती. तिथे तोच म्हातारा डोक्याचं फडकं हलवत होता. "इकडं! इकडं ये रे पोरा!"

होडी वळवायला अजून वेळ होता. पण धाकूच्या मनातल्या संशयानं उचल खाल्ली. हाच सकाळी त्या वाळूकडे फिरकला नाही, आणि आता मला तिकडे बोलावतोय! का?

त्यानं होडीचं तोंड आपल्या खाचेकडेच ठेवलं.

एका लाटेनं होडी उचलली आणि खडकावर आपटली. फणसाचं ते जुनं खोड उभं चिरलं.

म्हातारा आणि गावकरी दोर घेऊन खडकांवरून धावत आले. त्यांनी धाकूला वर ओढलं. त्याचे गुडघे सोलवटले होते. श्वास परत आल्यावर तो म्हणाला, "आबा, मला वाळू सांगितलीत आणि स्वतः घळीतून गेलात. असं का?"

"अरे, भरतीला घळ आणि ओहोटीला वाळू!" म्हातारा म्हणाला. "तू विचारलंस तेव्हा ओहोटी होती. पुढचं सांगायला तोंडातली सुतळी काढतोय, तर तू पसार."

"आणि माझ्या दारी आलास तेव्हा भरती," कालवंवाली म्हणाली. "मी 'आत्ता?' म्हणाले, तू ऐकलंस कुठं?"

"म्हणजे कुणीच खोटं बोललं नाही?"

आवडी खाली बसली आणि चिरलेल्या होडीवरून हात फिरवत राहिली.

एका खोडातली होडी सांधता येत नाही. धाकू म्हाताऱ्याच्या होडीवर वल्हं मारू लागला. बेटावरच्या बायका वाट बघून थकल्या. मग गावातल्याच एका माणसानं त्या फुटक्या होडीची मापं घेऊन तशीच अरुंद होडी कोरली आणि तेलामिठाचा धंदा त्याच्याकडे गेला. गाव आपला धंदा घेईल या भीतीनं धाकूनं गावावर संशय घेतला होता. अखेर धंदा गावाकडे गेलाच, पण तो धाकूनं स्वतःच्या हातानं दिला.

मुलांनो, आणि मोठ्यांनोसुद्धा, संशय कुणालाही येतो. पण तो आला की पाठ फिरवू नये, आणखी एक प्रश्न विचारावा.