मोरीपलीकडचं घर

फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा प्राणी बोलत, आणि मनात आलं तर माणसं त्यांचं ऐकूनही घेत.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथं भिवरा नावाची एक गृहिणी राहायची. तिचं घर इतकं लख्ख असे, की आत येणारा पाहुणा आधी स्वतःचे पाय न्याहाळी. गावातल्या सासवा नव्या सुनांना सांगत, "घर कसं ठेवावं ते भिवराकडे जाऊन बघा." भिवराला हे ठाऊक होतं. ती मान ताठ ठेवूनच चालायची.

तिच्या मोरीचं पाणी परसात जाई. त्या पाण्यावर अळू माजलं होतं, केळी वाढल्या होत्या, आणि अळूच्या पानांखाली बेडकांचं भलंमोठं कुटुंब नांदत होतं.

एकदा परमुलखातून एक व्यापारी आला. त्याच्या गोण्यांत निळसर भुकटी होती.

"चिमूटभर टाका आणि बाजूला व्हा," तो म्हणाला. "घासायचं कामच नाही."

भिवराने चुलीपुढची काळी पडलेली फरशी त्या भुकटीने धुतली. बघता बघता दगड आरशासारखा झाला. तिने तिथल्या तिथं गोणीभर भुकटी घेतली. तिचं पाहून शेजारणीने घेतली, शेजारणीचं पाहून पलीकडलीने, आणि दिवस मावळायच्या आत घराघरात भुकटी पोचली.

पावसाळा सरत आला, तेव्हा एक म्हातारा बेडूक मोरीच्या तोंडाशी येऊन बसला. त्याची पाठ सोलवटली होती.

"भिवराबाई, आम्ही निघालो. निरोप घ्यायला आलोय."

"का रे बाबा? कुणी काही बोललं का?"

"बोललं कुणी नाही. पण तुझ्या मोरीचं पाणी आता अंगाला झोंबतं. आमची पिल्लं त्यात जगत नाहीत. तुझं घर जिथं संपतं ना, तिथं आमचं सुरू होतं."

भिवरा हसली. "माझं घर उंबऱ्यापर्यंत. त्यापुढचं मी कशाला बघू? आणि तुम्ही गेलात तर परसही स्वच्छच होईल की! जा, सुखी राहा."

उरलेल्या लेकराबाळांना घेऊन बेडूक डोंगरातल्या ओढ्याकडे निघून गेला.

मग अळू पिवळं पडलं. केळीची पानं कडेने करपली. परसातल्या डबक्यात डास झाले आणि त्यांना खाणारं कुणीच उरलं नव्हतं. भिवराच्या त्या चकचकीत घरात डास घोंघावू लागले. तिची धाकटी लेक बकुळा थंडी वाजून तापली. ताप उतरे, पुन्हा चढे. शेजारी तेच, पलीकडे तेच.

वैद्यबुवांनी नाडी पाहिली, काढा दिला. म्हणाले, "औषध मी देतो. पण डास हटल्याशिवाय ताप गाव सोडायचा नाही. इथले बेडूक कुठं गेले?"

भिवराने हातातली वाटी खाली ठेवली. ती तशीच उठली आणि ओढ्यावर गेली. म्हातारा बेडूक दगडावर बसला होता.

"चला परत," ती म्हणाली. "चुकलं माझं."

"माणसाच्या बोलावण्याने आम्ही येत नाही, बाई. पाणी बोलावेल तेव्हा येऊ. आणि एकट्या तुझ्या मोरीचं नव्हे. गावातल्या साऱ्या मोऱ्या एकाच ओहोळाला मिळतात."

परतताना भिवराच्या मनात विचार आला. गुपचूप आपल्यापुरती भुकटी सोडता आली असती. कुणाला काही कळलं नसतं, मान ताठच राहिली असती. पण घरात बकुळा कण्हत होती. भिवराने साऱ्या बायकांना अंगणात बोलावलं.

"बायांनो, माझं पाहून तुम्ही भुकटी घेतलीत, आता माझं पाहूनच सोडा. हा ताप माझ्या मोरीतून आलाय."

एकजण फणकारली, "म्हणजे आता घरं घाण ठेवायची होय?"

"घाण ठेवेल ती भिवरा कसली!"

तिने पदर खोचला. काळवंडलेला तांब्याचा हंडा पुढ्यात ओढला आणि चिंचेच्या कोळाने घासला. पितळेची समई राखेने उजळली. ओशट दगड लिंबाच्या सालींनी चोळला. जमीन कडुनिंबाचा पाला उकळलेल्या पाण्याने पुसली. घाम निथळला, मनगटं भरून आली.

"वेळ लागतो," ती धापा टाकत म्हणाली. "हातही दुखतात, खोटं कशाला सांगू? पण हे पाणी परसात सोडताना कुणाला झोंबेल अशी भीती वाटत नाही."

फणकारलेल्या बाईनेच आधी दुसरा हंडा उचलला. मग बाकीच्या उठल्या.

उरलेली भुकटी बायकांनी पाण्यापासून दूर, कोरड्या माळावर खोल खड्ड्यात पुरली. डबकी मातीने बुजवली. बकुळाचा ताप हटला, पण अंगात ताकद भरायला हिवाळा उजाडला. केळी मात्र वाचल्या नाहीत. भिवराने त्या उपटल्या, माती पालटली आणि अळूचे नवे कंद लावले.

पुढच्या पावसाळ्यात अळूच्या कोवळ्या पानाखाली काहीतरी हललं. भिवरा वाकून बघते, तर नखाएवढी बेडकाची पिल्लं. ती हात न लावता मागे सरली, आणि दाराला टेकून खूप वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली.

तात्पर्य : जी स्वच्छता दुसऱ्याचं पाणी नासवते, ती स्वच्छता नव्हे, ती दुसऱ्याच्या दारात लोटलेली घाण असते.