काचेचा बंगला आणि टेकडीची वाट

सुलावेसी बेटाच्या किनाऱ्यावर, इंडोनेशियात, तेलुकासी नावाचं कोळ्यांचं छोटं गाव आहे. तिथल्या एकाही घराचं दार समुद्राकडे नाही. सगळी दारं मागच्या टेकडीकडे. जकार्ताच्या हेंद्रावानशेठनी किनाऱ्यावर जमीन घेतली, तेव्हा हे पाहून ते पोट धरधरून हसले.

"एवढा समुद्र समोर, आणि तुम्ही त्याच्याकडे पाठ करून बसता! मी इथे पैसा लावणार, काचेचा बंगला बांधून राहणार. बघा आणि शिका!"

तेही चाललं असतं. पण गावकऱ्यांची ये-जा नको म्हणून शेठनी बंगल्यामागे दोन पुरुष उंच भिंत आखली. तिच्यामुळे टेकडीची वाट बंद होणार होती. गाव जमलं, तसा शेठनी नकाशा पसरला. "जमीन माझी, कागद पक्के. कोण अडवतं बघू!"

मासे सुकवणाऱ्या म्हाताऱ्या रोस्मिना उठल्या.

"कोणी नाही अडवत, खुशाल बांधा. माझ्या लहानपणी समुद्र गावात शिरला, तेव्हा या वाटेने पळाले तेवढेच वाचले. दारं तेव्हापासून तिकडे आहेत. आम्ही वळसा घालून दुसरी वाट काढू. फक्त एवढं सांगा शेठ, भिंत झाल्यावर तुम्ही तिच्या कुठल्या बाजूला झोपणार?"

शेठनी नकाशात आपला बंगला शोधला. समोर समुद्र होता आणि मागे भिंत.

त्यांनी खिशातलं पेन काढून भिंत खोडली. मग कोणाकडेही न बघता बंगल्याला टेकडीच्या बाजूने एक दार काढलं.