वडसाळ्याच्या चावडीतलं जातं

वडसाळ्याच्या चावडीत एक दगडी जातं रोवलेलं आहे. रब्बीचं पहिलं पाणी पाटात सोडण्याआधी गावातले पुरुष त्यावर दळायला बसतात आणि शेतांची नावं ओवीत म्हणतात. पाहुण्यांना हसू येतं. मग भिला गुरव त्यांना ओट्यावर बसवून ठकूबाईची हकिकत सांगतात.

फार पूर्वी, म्हणे, तिचा नवरा सखाहरी या पाटाचा पाटकरी होता. कोणत्या शेताला कोणाच्या मागून पाणी द्यायचं, ही पाळी कुठे लिहिलेली नव्हती. दरसाल पाटकऱ्याने चावडीत सत्तावीस शेतांची नावं क्रमाने सांगायची, मगच पाणी सुटायचं. एका श्रावणात सखाहरीच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. बोलू पाही आणि नुसता हुंकार निघे. वैद्याने हात टेकले.

धोंडाजी पाटलांचं शेत पाटाच्या तोंडाशी होतं. "पाटकऱ्याला पाळी सांगता आली नाही, तर यापुढे पाणी मी वाटीन," त्यांनी जाहीर केलं. मग शेवटाकडच्या शेतांना पाणी उरणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

एका पहाटे ठकूबाई दळत होती. ओवीची एक ओळ म्हणून ती दम घ्यायला थांबली, तर पुढची ओळ सखाहरीच्या बाजेवरून आली, शब्दन् शब्द स्पष्ट. तिने जातं थांबवून नवऱ्याला काहीबाही विचारलं. पुन्हा हुंकार. ओवी धरली, की शब्द येत.

तिने त्याला जात्याशी बसवलं, डावा हात खुंट्यावर ठेवला. चाल ती धरी, शेताचं नाव तो घाली. बाप्या दळायला बसला म्हणून गल्ली हसू लागली. सासू म्हणाली, "दार तरी लाव." ठकूबाईने ते सताड उघडलं.

ठरल्या दिवशी तिने जातं चावडीत आणवलं. पाटील म्हणाले, "गाणं म्हणजे बोलणं नव्हे."

"पाटकऱ्याने नावं सांगावीत, असा रिवाज आहे," ती म्हणाली. "चालीवर सांगू नयेत, असं कोण म्हणालं?"

पंचांनी सुरू करायची खूण केली. जातं फिरू लागलं. सखाहरीने सव्वीस नावं म्हटली आणि सत्ताविसाव्याला अडकला. ओठ हलत होते, नाव येत नव्हतं. पाटील उठले.

"बसा, पाटील," ठकूबाई म्हणाली. "जातं अजून फिरतंय."

तिने हात थांबवला नाही. किती फेरे झाले ते कोणी मोजलं नाही, असं सांगतात. शेवटी ते नाव आलं, पाटाच्या टोकाच्या, विधवा चिमाच्या शेताचं. त्या साली पाणी तिथवर पोचलं. सखाहरी पुढे हळूहळू साधंही बोलू लागला, म्हणे.

आजही सव्वीस नावं झाली, की सगळे गप्प होतात. शेवटचं नाव पाठ असूनही कोणी लगेच ओठावर आणत नाही. जातं घरघरत राहतं. घाईत आलेला साहेब असो की पाटलांचा वंशज, त्याला बसूनच राहावं लागतं.