बकुळीचा हार

माळावर प्राणी फुटबॉल खेळायचे, त्या काळची ही गोष्ट. विजयी गोल करणाऱ्याच्या गळ्यात वानरीण बकुळीचा हार घालायची. गोल अडवणाऱ्याला कोण विचारतो! म्हणून अंतिम सामन्यात रानसंघातला प्रत्येक जण हारासाठी पुढे धावला. जाड मानेचा गवासुद्धा बचावाची जागा सोडून गेला. मागे उरली एकटी गोलरक्षक घोरपड. नदीकाठच्या पाणमांजरांनी तिला चकवून आरामात गोल केला.

मध्यंतरात चितळ म्हणाला, “काळजी नको, आपण दोन मारू.”

“मारा की!” घोरपड फणकारली. “तुम्ही तिकडे दोन मारा, मी इथे चार खाते. गवादादा, तुम्ही माझ्यापुढे उभे असलात की मला धीर असायचा. आज तुम्हीही हाराला भुललात?”

गव्याने मान खाली घातली. उत्तरार्धात तो गोलपुढून हलला नाही. पाणमांजरांचे फटके त्याच्या छातीवर आपटून परत फिरू लागले. असाच एक चेंडू चितळाच्या पायात आला आणि बरोबरी झाली. शेवटच्या क्षणी पुन्हा तसंच घडलं. रान जिंकलं!

वानरीण हार घेऊन धावत आली, तसा चितळ मागे सरला. “आधी गवादादांना घाल. त्यांनी चेंडू अडवलाच नसता, तर मी मारला काय असता?”

वानरिणीने हार गव्याच्या गळ्यात ओढूनताणून घातला. दोरा तटकन तुटला आणि फुलं सगळ्यांच्या डोक्यांवर बरसली. घोरपडीच्याही.

त्या रानात आता हार गुंफत नाहीत. जिंकले की फुलं उधळतात.