खळग्याचा धनी

लिही लिही म्हणून संस्थेच्या अंकवाल्यांनी डोकं खाल्लं. मी सातवी नापास, प्रयोगशाळेत झाडू मारायचो. मला काय डोंबल लिहिता येतंय! एकदाच लिहितो, परत मागू नका.

“सिरियमच कशावरून?” केळुस्करबाईंनी विचारलं.

बाईंचा जन्म गेला दिव्यात एकेक धातू तापवून त्याच्या उजेडातल्या रेघा मोजण्यात. समोर त्यांचा विद्यार्थी, श्रीरंग बोकील. हुशार. आणि हुशारी सदा नाकावर.

दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आपटले होते. त्यांचा उजेड दुर्बिणीत आला, त्यात एके जागी खळगा. म्हणजे कुठला तरी धातू तिथला उजेड खातोय. कुठला, ते श्रीरंगला सापडलं होतं: सिरियम. संध्याकाळी त्याचा निबंध छापायला परदेशी जायचा होता. त्यावर त्याची नोकरी.

“बाई, सगळे ताडून बघितले. सिरियमच बसतो.”

“सगळे?”

“म्हणजे... ज्यांच्या रेघा मोजल्यात ते.”

“आणि बाकीचे?”

“त्यांची माहितीच नाही. ते कसे धरणार?”

मी कोपऱ्यात फरशी पुसत होतो.

“सोमवारी तुझं घड्याळ गेलं. कुणाचं नाव घेतलंस?”

श्रीरंगने माझ्याकडे बघितलं नाही.

“सोनबाचं.”

“का?”

“खोलीत येतो तो.”

“अजून कोण येतं?”

“येतात की पुष्कळ. वायरमन, एसीवाले... मला कुठे त्यांची नावं ठाऊक?”

बोलला, आणि थांबला...

“मग निबंध पाठवू नको?” त्याने विचारलं.

बाईंनी धातू तापवायचा दिवा त्याच्यापुढे सरकवला.

“ज्यांची नावं घेतली नाहीस, त्यांना आधी विचार. मग ज्याचं घेतलंस, त्याची माफी माग.”

निबंध गेला नाही. दिवा लागला. घड्याळ पुढे त्याच्याच बॅगेच्या अस्तरात सापडलं.

मी रिटायर झालो त्या दिवशी बाईंच्या पाया पडलो आणि तोंडावर म्हटलं, “बाई, एवढी वर्षं झाली. श्रीरंगने माझी माफी मागायची राहिलीच की.”

“श्रीरंग बोकील अजून रेघा मोजतोय, सोनबा.”